ॲप तपासलं, म्हणजे नेमकं काय तपासलं?

30 एप्रिल 2025 रोजी व्हाइट हाउसमध्ये मंत्रिमंडळाची बैठक चालू होती आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ टेबलाच्या कडेखाली फोन धरून निरोप वाचत होते. रॉयटर्सच्या छायाचित्रकारानं ते टिपलं. फोटो मोठा करून पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की पडद्यावरचं ॲप सिग्नलसारखं दिसत असलं तरी सिग्नल नाही. टेलिमेसेज नावाच्या कंपनीनं सिग्नलमध्ये फेरफार करून बनवलेली ती आवृत्ती होती. त्यामागची गरज खरी होती. सरकारी कामाचे निरोप अमेरिकी कायद्यानुसार जपून ठेवावे लागतात, आणि सिग्नलवर तर ठरावीक वेळानं निरोप आपोआप पुसून टाकण्याची सोय आहे. तेव्हा दिसायला-वापरायला सिग्नलसारखं, पण प्रत्येक निरोपाची एक प्रत दफ्तरी लावणारं ॲप हवं होतं.

फोटो गाजला आणि चारच दिवसांत बातमी आली, की कुणीतरी टेलिमेसेजच्या सर्व्हरमधून माहिती उचलली आहे. वॉल्ट्झ यांचे निरोप त्यात नव्हते, पण अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा सुरक्षा खात्यातल्या लोकांची नावं आणि संपर्क होते, काही ग्राहकांच्या निरोपांचा मजकूरही होता. हे करायला पंधरा-वीस मिनिटं लागली, असं हॅकरनं पत्रकारांना सांगितलं. सर्व्हरच्या स्मृतीत त्या क्षणी जे काही असेल ते जसंच्या तसं बाहेर देणारा, प्रोग्रामरांनी दुरुस्तीसाठी वापरायचा एक पत्ता इंटरनेटवर उघडा राहिला होता. ॲपचा सोर्स कोड वाचणाऱ्यांना त्याहून मूलभूत गोष्ट सापडली. फोनपासून दफ्तरापर्यंत निरोप बंदिस्त जातो असं जाहिरातीत म्हटलं होतं. प्रत्यक्षात कंपनीच्या सर्व्हरवर तो वाचता येईल अशा रूपात पोचत होता. मालक कंपनी स्मार्शनं 5 मेच्या सुमारास सेवा थांबवली. त्यानंतर आठवड्याभरात अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं हा दोष, प्रत्यक्ष गैरफायदा घेतला गेलेल्या दोषांच्या आपल्या यादीत टाकला.

यात चक्रावून टाकणारी बाब अशी, की ॲप स्वीकारण्याआधी ते कसं तपासावं याची सगळ्यात नीट लिहिलेली पद्धत अमेरिकी सरकारकडेच होती, तीही दहा वर्षांपासून.

तिचा उगम अफगाणिस्तानात आहे. 2010च्या आसपास डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेनं तिथल्या अमेरिकी सैनिकांच्या हाती अँड्रॉइड फोन आणि उपयोगी ॲप वेगानं पोचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. लष्करी खरेदीच्या चाकोरीत एखादी वस्तू मंजूर व्हायला वर्षं जातात. इथं ॲप काही आठवड्यांत हवं होतं. मग ते धड आहे की नाही हे कोण सांगणार? ते काम निस्टकडे आलं. निस्ट म्हणजे अमेरिकेची मानकं आणि तंत्रज्ञान यांची राष्ट्रीय संस्था. त्या अनुभवाच्या जोरावर निस्टनं जानेवारी 2015मध्ये '800-163' क्रमांकाची मार्गदर्शिका काढली आणि एप्रिल 2019मध्ये ती सुधारली. अशा पुस्तिका सहसा कुणी आनंदानं वाचत नाही, पण हिच्यातली एक विभागणी फार शहाणपणाची आहे. तपासणी हे एक काम आणि मंजुरी हे दुसरं. ॲपमध्ये काय काय आहे ते विश्लेषक सांगतो. त्यानं मंजूर-नामंजूर ठरवायचं नाही. ते संस्थेतला जबाबदार अधिकारी ठरवतो, आपल्या संस्थेला कितपत जोखीम परवडते हे पाहून. त्यामुळे एकाच अहवालावर एका खात्यानं हो म्हणावं आणि दुसऱ्यानं नाही म्हणावं, यात विसंगती नाही.

आधी विश्लेषकाचं काम पाहू. अँड्रॉइडचं ॲप ज्या फाइलमधून येतं ती मुळात एक झिप फाइल असते. ती उघडली की आत मॅनिफेस्ट सापडतं. कॅमेरा, माइक, ठिकाण, संपर्कयादी यांपैकी कशाकशाची परवानगी ॲप मागणार, हे त्यात लिहिलेलं असतं. मग कोड. तो यंत्रासाठी बांधलेला असला तरी बऱ्याच अंशी उलटा सोडवून वाचता येतो. या वाचनात जे सापडतं ते पाहून नवशिक्याला धक्का बसेल. सर्व्हरचा पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवलेला, गुप्त चावी साध्या मजकुरात, केव्हाच मोडीत निघालेली डीईएससारखी कूटपद्धत, आणि चाचणीसाठी बंद केलेली प्रमाणपत्राची तपासणी पुन्हा सुरू करायची राहून गेलेली. ॲप न चालवता केलेली ही तपासणी. दुसऱ्या टप्प्यात ते चाचणीच्या फोनवर चालवतात. फोन आणि इंटरनेट यांच्या मध्ये एक प्रॉक्सी बसवायचा आणि ॲप कुणाशी बोलतं, काय पाठवतं, ते पाहत राहायचं. आपल्याकडे ऑडिटवाले या सगळ्याला 'व्हीएपीटी' म्हणतात आणि कार्यालयात एकच प्रश्न विचारला जातो, ''रिपोर्ट आला का?''

रिपोर्ट येतो तेव्हा तो लठ्ठ असतो. स्वयंचलित साधनं शेकडो इशारे देतात. त्यातले कितीतरी निरर्थक निघतात आणि खरा दोष त्या गर्दीत दडलेला असू शकतो. शिवाय साधन 'काय' ते सांगतं, 'कशासाठी' ते नाही. ॲप ठिकाण विचारतं एवढं साधनाला कळतं. नकाशाच्या ॲपनं ते विचारणं रास्त आहे आणि टॉर्चच्या ॲपनं विचारणं चमत्कारिक, हा भेद माणसानं करायचा असतो. 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' या कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या टॉर्च ॲपच्या निर्मात्यावर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं डिसेंबर 2013मध्ये कारवाई केली ती याच कारणानं. ते ॲप माणसाचं ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं.

तरीही टॉर्चचं उदाहरण सोपं आहे, कारण तिथं लबाडी होती. कुणीही लबाडी केलेली नाही आणि कोडमध्ये दोषही नाही, अशी प्रकरणं मला जास्त अस्वस्थ करतात. स्ट्राव्हा हे धावणाऱ्यांचं, सायकल चालवणाऱ्यांचं ॲप. लोक कुठून कुठे धावले याचा जगाचा चमकता नकाशा या कंपनीनं नोव्हेंबर 2017मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कुणाचं नाव नव्हतं. जानेवारी 2018मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यानं दाखवून दिलं, की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या काळ्याभोर प्रदेशात मधूनच उजळ चौकोन दिसतात. ते लष्करी तळ होते. सैनिक सकाळी तळाच्या कुंपणाकडेनं धावत आणि मनगटावरचं यंत्र इमानदारीनं ते नोंदवत होतं. पुण्यात तळजाईवर धावणाऱ्या माणसासाठी जे ॲप निर्धोक, तेच सीरियातल्या सैनिकासाठी घातक ठरलं, आणि दोन्हीकडे कोड एकच होता. ऑगस्ट 2018मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यानं मोहिमेवरच्या भागात ठिकाण नोंदवणाऱ्या सगळ्या सोयी वापरायला मनाई केली. त्या आदेशात कुठल्या एका ॲपला दोषी धरलेलं नव्हतं, धरता येण्यासारखंही नव्हतं.

वापराचं ठिकाण बदललं तर हे घडतं. वापराचं कारण बदललं तरी घडतं. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक केंद्रात किलस्विच नावाचं अँड्रॉइड ॲप तयार झालं. उपग्रहाच्या नकाशावर आपली आणि शत्रूची जागा पाहायची, हवाई मदतीचा समन्वय साधायचा, असं त्याचं काम. नौदलाच्या महानिरीक्षकांचा त्यावरचा अहवाल 2018मध्ये लोकांसमोर आला. ॲपमध्ये सुरक्षेच्या त्रुटी होत्या आणि ते सराव-प्रशिक्षणासाठी होतं, पण जवानांनी ते प्रत्यक्ष लढाईत वापरलं. हे फक्त सरावासाठी आहे, असं त्यांना कुणी बजावलंच नव्हतं. जवानांना काय दोष द्यायचा? चांगलं ॲप हाती आलं, त्यांनी वापरलं. मंजुरी कशासाठी होती हा तपशील फायलीत होता. ॲप फोनवर पोचलं, तो तपशील पोचला नाही.

आता पुरवठ्याकडे. एखादं ॲप एखाद्या कंपनीनं 'लिहिलं' असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला बराचसा कोड तिनं लिहिलेला नसतो. नकाशा एकाचा, नोटिफिकेशन दुसऱ्याचं, ॲप बंद पडलं तर कळवणारा तुकडा तिसऱ्याचा. हे तयार तुकडे ॲपला मिळालेल्या परवानग्या आपोआप वापरू शकतात. नोव्हेंबर 2022मध्ये रॉयटर्सनं पुशवूश या कंपनीची कथा उघड केली. नोटिफिकेशन पाठवण्याचा तिचा कोड हजारो ॲपमध्ये होता. कागदोपत्री ती स्वतःला अमेरिकी म्हणवत होती; तिचं मुख्यालय सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क शहरात होतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं आपल्या सात ॲपमधून तो कोड काढून टाकला. लष्करानं त्याआधीच, मार्च 2022मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विन या प्रशिक्षण तळावर वापरलं जाणारं एक ॲप हटवलं होतं. माहितीचा गैरवापर झाल्याचा पुरावा रॉयटर्सला मिळाला नाही, आणि आपण रशियन मूळ कधी लपवलं नाही असं कंपनी म्हणाली. पण रोग नियंत्रण केंद्राला ही कंपनी अमेरिकी राजधानीतलीच वाटत होती. कोड तपासताना 'हा तुकडा काय करतो' एवढंच पाहिलं की 'हा तुकडा कुणाचा' हा प्रश्न निसटतो.

बिस्किटांच्या पुड्यावर घटकांची यादी छापायची सक्ती आहे. सॉफ्टवेअरवर अगदी अलीकडेपर्यंत ती नव्हती. आता अशी यादी मागितली जाऊ लागली आहे. तिला एसबॉम म्हणतात. भारतात सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर 2024मध्ये तिच्याविषयी तांत्रिक मार्गदर्शिका काढली, ती मुख्यतः सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या खरेदीदारांना डोळ्यांसमोर ठेवूनच. तुकडा कोणता, कितवी आवृत्ती, पुरवठादार कोण, हे त्यात नोंदवायचं. यादी असली म्हणजे सगळं आलं असं मुळीच नाही, पण उद्या एखाद्या तुकड्यात दोष निघाला तर आपल्या कोणत्या ॲपमध्ये तो आहे हे दुपारपर्यंत तरी कळेल.

आपल्याकडची एरवीची रीत अशी. सरकारी संकेतस्थळ किंवा ॲप सरकारी सर्व्हरवर चढवण्याआधी सर्ट-इनच्या पॅनेलवरच्या ऑडिटरकडून त्याची तपासणी करून घ्यायची. दोष निघाले की पुरवठादारानं ते दुरुस्त करायचे, ऑडिटरनं पुन्हा पाहायचं, आणि मग 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्र मिळतं. हे प्रमाणपत्र फायलीला लागलं की बहुतेकांच्या लेखी विषय संपतो. खरं तर ते एका विशिष्ट आवृत्तीबद्दल बोलतं. तपासलेल्या फाइलचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, काढून ठेवता येतो. एसएचए-256 पद्धतीनं काढलेला हॅश 64 अक्षर-अंकांचा असतो आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. पुरवठादारानं दिलेली फाइल आणि तपासलेली फाइल एकच आहे का, हे त्यावरून दोन मिनिटांत समजू शकतं. हॅश जुळवून पाहणारी कार्यालयं मात्र विरळाच असावीत असा माझा कयास आहे. दर महिन्याला नवी आवृत्ती निघते, तीन-चार आवृत्त्यांनंतर मूळ ऑडिटचा संबंध फक्त ॲपच्या नावाशी उरतो.

त्यातही एक मेख आहे. पुष्कळ ॲप म्हणजे एक चौकट आणि तिच्या आत सर्व्हरवरून येणारं संकेतस्थळ. अशा ॲपमध्ये फोनवरची फाइल तीच राहते, हॅश जुळतो, आणि तरीही आत दिसणारं-घडणारं सगळं रातोरात बदलू शकतं. म्हणून सर्व्हर न पाहता फोनवरची फाइल तेवढी तपासणं अपुरं. टेलिमेसेजच्या प्रकरणातही घात झाला तो सर्व्हरवर.

आधी स्वीकार आणि मग तपासणी, हा क्रमही आपण पाहिला आहे. आरोग्य सेतू 2 एप्रिल 2020 रोजी आलं. साथीचे दिवस होते, घाई समजण्यासारखी होती. 29 एप्रिलला केंद्राच्या कार्मिक विभागानं आपल्या कर्मचाऱ्यांना आदेश दिला, की ॲप लगेच घ्या आणि त्यावर 'सेफ' किंवा 'लो रिस्क' दिसलं तरच घरातून कार्यालयाकडे निघा. 1 मे रोजी गृह मंत्रालयानं खासगी कार्यालयांनाही ते बंधनकारक केलं. त्यानंतर चार-पाच दिवसांत एका फ्रेंच संशोधकानं आक्षेप घेतले. दुसऱ्या भागातल्या बाधितांचे आकडे दूर बसून काढता येतात, हा त्यातला एक. माहिती फुटलेली नाही, असं उत्तर सरकारनं दिलं. 17 मेच्या आदेशात सक्तीची भाषा मवाळ झाली आणि 26 मे रोजी अँड्रॉइड ॲपचा सोर्स कोड खुला करून दोष शोधणाऱ्यांना बक्षीसही जाहीर झालं. कोड खुला करणं स्तुत्यच होतं. पण तोवर ॲप कोट्यवधी फोनवर पोचलं होतं.

सुरक्षेपुरतं बोलून थांबलं तर निम्मा विषय सुटेल. मोठ्या सरकारी यंत्रणेत ॲप वापरणारी माणसं मंत्रालयात बसलेली नसतात. 2021मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले. 2 जीबी रॅमचे ते फोन तापत होते, हँग होत होते, आणि नव्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. या ॲपचं सुरक्षा ऑडिट कितीही चोख केलं असतं तरी त्यात हे कुठंच उमटलं नसतं, कारण ऑडिटरच्या टेबलावरचा फोन नवा असतो, वाय-फाय चालू असतं आणि त्याला इंग्रजी येतं. मेळघाटातली एक सेविका, तिचा तोच तापलेला फोन आणि आठवडाभराचं खरं काम, एवढ्यावर चाचणी घेतली असती तर फोन परत यायच्या आधीच बरंच कळलं असतं.

आणि ॲप जे मोजतं असं आपण समजतो, तेच ते मोजतं का? रोजगार हमीच्या कामांवरची हजेरी ॲपवर फोटो काढून लावण्याची पद्धत मे 2021मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2023पासून ती सर्वत्र बंधनकारक झाली. हेतू बोगस हजेरी रोखण्याचा होता. जुलै 2025मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून गैरप्रकारांचे नमुने सांगितले. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, एकच फोटो अनेक हजेरीपटांना लावलेला. ॲप बरोबर चालत होतं. फोटो आला आहे का, एवढं ते तपासत होतं; फोटोत कोण आहे हे पाहायचं काम शेवटी माणसांवरच टाकावं लागलं, आणि परिपत्रकानं ते ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत वाटून दिलं.

खरं ॲप तपासलेलं असलं तरी खोटं ॲप त्याच्या नावानं येतं, तेही लक्षात घ्यायला हवं. केंद्र सरकारच्या ईमेलसाठी 'कवच' हे दुहेरी पडताळणीचं ॲप होतं. अधिकाऱ्यांना ते घ्यावंच लागे, म्हणून पाकिस्तानशी जोडल्या जाणाऱ्या एका हॅकर गटानं 2022मध्ये नेमकी त्याचीच नक्कल पसरवली. शोधाच्या पानावर जाहिरात देऊन लोकांना आपल्या पानावर आणण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

मग सही करणाऱ्या अधिकाऱ्यानं करावं काय? निस्टची पद्धत त्याला नकार देण्याचा अधिकार देते, पण कार्यालयात नकाराची किंमत असते. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, मंत्र्यांची वेळ घेतलेली असते, आणि ऑडिटमधला 'मध्यम' दर्जाचा दोष 'पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू' या टिपणीसह पुढे सरकतो. सशर्त मंजुरी देण्यात गैर काही नाही. मात्र ती कोणत्या आवृत्तीला, कोणत्या कामासाठी, कोणत्या फोनवर आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे टिपणीत असलं पाहिजे. ती तारीख उलटली की ॲप आपोआप थांबेल अशी व्यवस्था फोन व्यवस्थापनाच्या प्रणालीतून करता येते. सरकारी फोनवर ती बसवता येते. कर्मचारी स्वतःचा फोन वापरत असेल तर प्रश्न अवघड होतो, आणि आपल्याकडे बहुतेक जण स्वतःचाच वापरतात.

निविदेच्या वेळीच विचारायच्या दोन-तीन गोष्टी तर अगदी रोकड्या आहेत. ॲप कुणाच्या डेव्हलपर खात्यावरून ॲपच्या दुकानात जाणार, सरकारी विभागाच्या की पुरवठादाराच्या? सही करायची डिजिटल चावी कुणाकडे राहणार? अँड्रॉइडवर आधीच्याच चावीनं सही केलेली आवृत्ती जुन्या ॲपच्या जागी बसते, दुसऱ्या चावीची बसत नाही. चावी आणि खातं दोन्ही जुन्या पुरवठादाराकडे असतील आणि कंत्राट संपताना त्यानं ती सोपवली नाहीत, तर नव्या पुरवठादाराला त्याच योजनेचं ॲप नव्या नावानं काढावं लागतं. जुनं दुकानात तसंच राहतं, त्यावर राजमुद्रा असते, लोक ते उतरवून घेत राहतात. त्याचा सर्व्हर कुणी पाहत नाही, त्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचं भाडं भरायचं एखाद्या वर्षी राहून जातं, आणि तो पत्ता मग ज्याला हवा त्याला विकत घेता येतो.